मुक्तिसंग्रामाच्या आठवणींच्या क्लिपा वेबपानावरून उतरवताना: प्रकल्प नोंदी

२ ऑगस्ट

काम काय आहे ते आधी लिहिते. आमच्या कळंब तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून काही वर्षांपूर्वी आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या होत्या. निजामाची राजवट, रझाकार, सीमेपलीकडचे कॅम्प, भारतीय फौजेने निजामाची राजवट संपवली तो १९४८ चा सप्टेंबर असे सगळे विषय. दीड ते चार मिनिटांच्या ६२ क्लिपा आहेत आणि सगळ्या एकाच वेबपानावर, एकाखाली एक. बोलणाऱ्यांपैकी आज बहुतेक जण नाहीत.

पानाची मुदत ३१ ऑगस्टला संपते आहे. ज्या विद्यार्थ्याने पान बांधलं त्याचा तेव्हाचा मोबाइल नंबर बंद झालाय आणि सर्व्हरचा लॉगिन त्याच नंबरावर ओटीपी पाठवतो. त्यामुळे मुदत वाढवता येत नाही आणि आतून फाइलीही काढता येत नाहीत. पान चालू आहे तोवर बाहेरून जे निघेल तेच आपलं. सरांनी वाचनालयाच्या नावाने लेखी परवानगी दिली आणि म्हणाले, "ताई, रेकॉर्डिंगच्या वेळी घरच्यांना विचारलेलं आहे, त्याची वहीपण घेऊन जा." वही आणली. ज्यांना हेच काम करायचंय त्यांनी परवानगीचा कागद पहिल्या दिवशीच घ्यावा. दुसऱ्याच्या क्लिपा न विचारता उतरवण्याचं हे काम नाही.

आमचं वाचनालय ड वर्गाचं. एक जुना डेस्कटॉप, एक लॅपटॉप, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी या क्लिपा गावात दाखवायच्या आहेत.

४ ऑगस्ट

सगळे जण आधी जे सुचवतात तेच करून पाहिलं. फोनवर क्लिप लावली आणि स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू केलं. निकाल वाईट. नेट अडकलं की फिरणारं चक्रही रेकॉर्ड होतं. मधेच मेसेज आला तर त्याची टिंग आजीच्या बोलण्यावर येऊन बसते. चित्र आकार कमी करण्यासाठी आधीच दाबलेलं असतं, ते पुन्हा दाबलं जातं आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या जाऊन चेहरा मेणासारखा दिसतो. शिवाय तीन मिनिटांच्या क्लिपेला तीन मिनिटं द्यावीच लागतात. हा मार्ग सोडला. पानावरून मूळ फाइल जशीच्या तशी निघत असेल तर तीच काढायची, दुसरं काही करायचं नाही, असं ठरवलं.

५ ऑगस्ट

माझा पुतण्या "लिंक टाका, व्हिडिओ घ्या" प्रकारच्या साइटी दाखवत होता. एका साइटीने आधी नोटिफिकेशनची परवानगी मागितली, मग दुसरंच पान उघडलं, मग एक एपीके, म्हणजे मोबाइल अ‍ॅपची फाइल गळ्यात मारायला लागली. दुसरीने क्लिप दिली, पण कोपऱ्यात स्वतःचं नाव छापून. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर सभासदांची माहिती आहे, तिथे असलं काही नको. अर्धा दिवस गेला, हाती काही नाही.

७ ऑगस्ट

आज एकही क्लिप उतरवली नाही, नुसती यादी केली. मला विचाराल तर या सगळ्या कामात महत्त्वाचा दिवस हाच.

एक्सेलमध्ये ६२ ओळी. क्रमांक, पानावरचं शीर्षक, बोलणाऱ्याचं नाव, वय, गाव, रेकॉर्डिंगची तारीख, पानावर दिसणारी लांबी, क्लिप कशा प्रकारे बसवली आहे, फाइल मिळाली का, शेवटपर्यंत पाहिली का. माणसाचं नाव-गाव-साल फाइलबरोबर राहिलं नाही तर दहा वर्षांनी ती क्लिप म्हणजे कुणीतरी म्हातारा काहीतरी बोलतोय एवढंच उरेल. हे सगळं पानावर क्लिपेच्या खाली लिहिलेलं आहे, क्लिपेच्या आत नाही. पान गेलं की तेही जाणार. म्हणून पूर्ण पानही ब्राउझरमधून सेव्ह केलं आणि पीडीएफही काढून ठेवली. पान सेव्ह केलं की मजकूर आणि फोटो येतात, क्लिपा बहुतेक येत नाहीत, हे ध्यानात असू द्या.

यादी करताना कळलं की क्लिपा एका जातीच्या नाहीत. २७ सरळ एमपी४ फाइली आहेत, म्हणजे अख्खी क्लिप एकाच फाइलीत. २१ तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या आहेत. १२ सरांच्या यूट्यूब चॅनलवर असून पानावर फक्त चिकटवलेल्या आहेत. २ मुळातच चालत नाहीत, काळा चौकोन दिसतो. हे आधी कळलं म्हणून पुढचं काम गटागटाने करता आलं. सगळ्यांना एकच उपाय लावत बसलो असतो तर महिना त्यातच गेला असता.

१० ऑगस्ट

सरळ एमपी४ वाल्या २७. क्लिपेवर उजवं बटण दाबलं की 'व्हिडिओ सेव्ह करा' दिसतं आणि फाइल येते. काही ठिकाणी पानाने उजवं बटणच बंद केलेलं होतं. फायरफॉक्समध्ये शिफ्ट धरून उजवं बटण दाबलं की ब्राउझरचा आपला मेनू येतो. तिथेही जमलं नाही तर एफ-१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडायची, 'नेटवर्क' टॅबमध्ये 'मीडिया' निवडायचं आणि मग क्लिप चालू करायची. क्रम हाच ठेवा. टूल्स उघडण्याआधी जे येऊन गेलं ते तिथे दिसत नाही. आलेल्या ओळीवरचा पत्ता नव्या टॅबमध्ये उघडला की नुसती क्लिप उघडते आणि सेव्ह होते.

काही पत्त्यांना नव्या टॅबमध्ये ४०३ आलं, म्हणजे सर्व्हरने दार लावलं. क्लिप आपल्याच पानावरून मागितली जातेय का, हे तो तपासतो. मागणीबरोबर पानाचा पत्ता गेला नाही की नाही म्हणतो. हे पुढच्या गटात पुन्हा आलं, तिथे उपाय लिहिते.

रोजचा २ जीबीचा कोटा संध्याकाळी संपला. त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि त्यात पानसुद्धा उघडत नाही.

१३ ऑगस्ट

तुकड्यांच्या क्लिपा. वेळ सगळ्यात जास्त यांनीच खाल्ला.

क्लिपेचा पत्ता पाहिला तर 'ब्लॉब' ने सुरू होणारा. तो कॉपी करून दुसऱ्या टॅबमध्ये टाकला तर काहीच नाही. टाकून उपयोगही नाही, कारण तो पत्ता इंटरनेटवरचा नसतो. ब्राउझरने स्वतःच्या मेमरीत त्या घटकेपुरता केलेला असतो. खरा माल नेटवर्क टॅबमध्ये सापडतो. तिथल्या शोधपट्टीत एम-थ्री-यू-एट (m3u8) टाइप केलं की एक छोटी फाइल दिसते. ती साधी मजकुराची यादी असते. क्लिपेचे काही सेकंदांचे तुकडे कुठे कुठे आहेत ते तीत ओळीने लिहिलेलं असतं. तुकड्यांचं एक्स्टेन्शन टीएस. एक एक तुकडा सेव्ह करत बसायचं नाही. यादीचा पत्ता वायटी-डीएलपी या मोफत प्रोग्रामला दिला की तो सगळे तुकडे आणून जोडतो. सोबत एफएफएमपेग हा व्हिडिओच्या फाइली जोडणारा, बदलणारा प्रोग्राम लागतो, तोही मोफत. दोन्ही काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये चालतात. पहिल्यांदा बिचकायला होतं, पण एकदा चाललेली ओळ नोटपॅडमध्ये ठेवली की पुढे फक्त पत्ता बदलायचा.

४०३ चा उपायही इथेच. वायटी-डीएलपीला 'रेफरर' म्हणून मूळ पानाचा पत्ता सांगता येतो. तो सांगितल्यावर सर्व्हरने हरकत घेतली नाही.

पहिली क्लिप आली. पाहते तर धुरकट, माणूस ओळखू येईना. पानावर मात्र तीच क्लिप वाचनालयाच्या नेटवर धुरकट आणि सरांच्या घरी स्वच्छ दिसते. कारण असं की याद्या दोन पातळ्यांच्या असतात. वरच्या मुख्य यादीत दर्जाप्रमाणे वेगवेगळ्या याद्यांचे पत्ते असतात, २४० चा, ४८० चा, ७२० चा. नेट मंद असलं की प्लेअर आपण होऊन खालचा दर्जा घेतो. मी नेटवर्क टॅबमधून उचलली होती ती चालू असलेली २४० ची यादी. मुख्य यादी त्याच्याही आधी येते, सगळ्यात वर. तिचा पत्ता दिल्यावर वायटी-डीएलपीने उपलब्ध दर्जे दाखवले आणि ७२० ची क्लिप उतरली. मंद नेटवर ती यायला वेळ लागतो, पण येते ती स्वच्छच येते. प्लेअरला घाई असते, आपल्याला नाही.

१६ ऑगस्ट

काल झेंडावंदन, दिवसभर काम बंद. रात्री उरलेल्या मुख्य याद्यांचे पत्ते एका टेक्स्ट फाइलमध्ये ओळीने लिहिले आणि वायटी-डीएलपीला फाइलच देऊन टाकली. एकदा आलेली क्लिप परत आणू नये म्हणून नोंद ठेवणारी 'आर्काइव्ह' फाइलही लावली. रात्रभर चालू ठेवून सकाळी पाहिलं तर फोल्डरमध्ये एकच फाइल. बाकी सगळ्यांसमोर 'आधीच नोंदलेली आहे' असा शेरा.

शोधायला दुपार गेली. सगळ्या पत्त्यांचा शेवट 'मास्टर' या एकाच नावाने होता. अनोळखी साइटीवर वायटी-डीएलपी पत्त्याच्या शेवटच्या भागालाच क्लिपेची ओळख समजतं. पहिली 'मास्टर' उतरली, नोंद झाली, पुढची प्रत्येक 'मास्टर' त्याला तीच वाटली. आर्काइव्हची सोय चांगली आहे, पण अशा पत्त्यांसाठी ती बंद ठेवावी आणि प्रत्येक क्लिपेला बाहेर पडणाऱ्या फाइलचं नाव स्वतः द्यावं. यादीतल्या क्रमांकाने नावं दिली आणि प्रश्न मिटला.

नावावरून आणखी एक. पुतण्याने त्याच्या लॅपटॉपवर, तो लिनक्स वापरतो, पानावरची पूर्ण शीर्षकं फाइलला दिली तर 'नाव फार लांब' म्हणून फाइलच तयार होईना. मोजून पाहिलं तर शंभर-सव्वाशे अक्षरं. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. काना-मात्रा-वेलांटी वेगळी धरतात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजवर मोजणी वेगळी, तिथे तेच नाव चाललं. म्हणून नावं आखूड ठेवली: क्रमांक, गाव, साल. बाकी सगळं एक्सेलमध्ये.

१९ ऑगस्ट

दुपारी पाऊस, लाईट गेली. डेस्कटॉप बंद पडला तेव्हा दोन क्लिपा अर्ध्यावर होत्या. वायटी-डीएलपीने आणलेले तुकडे जपून ठेवले होते, लाईट आल्यावर तीच ओळ पुन्हा चालवली तर तिथूनच पुढे सुरू झालं. दुसरी क्लिप मी नुसत्या एफएफएमपेगवर लावली होती, ती पहिल्यापासून आणावी लागली, आणि अर्धी राहिलेली एमपी४ फाइल उघडलीसुद्धा नाही. एमपी४ च्या आत कुठे काय आहे याची एक अनुक्रमणिका असते, ती बहुधा शेवटी लिहिली जाते. मधेच तुटलं तर ती लिहिलीच जात नाही आणि आलेला मालही वाचता येत नाही. यापुढे आणायचं काम वायटी-डीएलपीलाच, आणि तेही बॅटरी असलेल्या लॅपटॉपवर.

पत्तेही कायमचे टिकत नाहीत. सकाळी लिहून ठेवलेल्या याद्यांपैकी काही संध्याकाळी ४०३ देऊ लागल्या. पत्त्याच्या शेपटीला मुदतीची खूण जोडलेली असते. तेव्हा एकदम सगळे पत्ते गोळा करून ठेवू नका. चार पत्ते घ्या, चार क्लिपा आणा, मग पुढचे घ्या.

२१ ऑगस्ट

आज बसून आलेल्या क्लिपा शेवटपर्यंत पाहायला सुरुवात केली. पुतण्या म्हणाला, "काकू, सगळ्या कशाला बघायच्या, लांबी जुळतेय की." १९ क्रमांकाची लांबीही जुळत होती. फाइलवर तीन मिनिटं लिहिलेली. ती अशी.

आजी ओसरीत बसलेल्या, समोर सूप. सुपातलं पाखडणं न थांबवता सांगतात, "कॅम्पातल्या पोरांला भाकरी न्यायच्या व्हत्या. पाटीत खाली धडुत्यात भाकरी बांधायच्या अन् वर गवऱ्या रचायच्या. नाक्यावर इचारलं तर म्हणायचं, गवऱ्या इकायला चालले." बार्शी तालुका तेव्हा इंग्रजी मुलखात होता, आपली गावं निजामाच्या, आणि सीमेलगत पलीकडे आपल्या कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. त्या वाटेवरची ही गोष्ट आहे. पुढे आजी म्हणतात, "एक डाव त्यानं गवरी उचलली अन्..." आणि तिथे क्लिप थांबते. दीड मिनिटावर.

पुन्हा उतरवली. तेवढीच. तिसऱ्या ब्राउझरमधून उतरवली, बाइटला बाइट तेवढीच. म्हणजे वांदा आमच्या नेटचा नव्हता. पानावर चढवतानाच फाइल अर्धी चढली होती. वेबसाठी केलेल्या एमपी४ मध्ये अनुक्रमणिका सुरुवातीला आणून ठेवतात, क्लिप पटकन सुरू व्हावी म्हणून. त्यामुळे लांबी पूर्ण दिसते, पहिला भाग ठणठणीत चालतो आणि माल मात्र अर्धाच असतो. लांबी जुळली म्हणून क्लिप पूर्ण आहे असं समजू नका. एफएफएमपेगला फाइल नुसती शेवटपर्यंत वाचून फक्त चुका दाखवायला सांगता येतं. तसं सगळ्या फाइलींवर केलं. आणखी एक अशीच निघाली, ३४ क्रमांकाची. दोन्ही लाल रंगाने नोंदवल्या.

तरी मी प्रत्येक क्लिप डोळ्यांनीही पाहणारच आहे. प्रोग्राम फाइल तपासतो, भलत्याच माणसाची क्लिप भलत्या क्रमांकाखाली गेली तर ते त्याला कळत नाही.

२४ ऑगस्ट

यूट्यूबवरच्या १२. चॅनल सरांचं आहे आणि त्याचा पासवर्ड वहीत आहे, तेव्हा बाहेरून ओढायचं कारणच नाही. स्वतःच्या चॅनलवरची क्लिप यूट्यूब स्टुडिओमधून उतरवता येते, पण ती दाबलेली असते, जास्तीत जास्त ७२० ची. त्याहून चांगला मार्ग गूगल टेकआउट, म्हणजे आपल्या गूगल खात्यातला माल उतरवून घेण्याची सोय. तिथे फक्त यूट्यूब निवडायचं, त्यात फक्त व्हिडिओ निवडायचे, आणि मागणी नोंदवायची. काही वेळाने मेलवर लिंक येते. ती साधारण आठवडाभरच चालते, म्हणून आली की लगेच उतरवून घ्या.

आमच्या हॉटस्पॉटवर हे होणारं नव्हतं, म्हणून कळंबला सरांच्या नातेवाइकांकडे ब्रॉडबँडवर बसले. मागणी नोंदवताना तुकड्याचा आकार १० जीबी ठेवला होता, त्यामुळे सगळं मिळून पाच जीबीच्या आसपासची एकच झिप आली. ती पेन ड्राइव्हवर जाईना. ड्राइव्ह ३२ जीबीचा, रिकामा, तरी 'फाइल फार मोठी'. ड्राइव्हचं फॉरमॅट फॅट-३२ होतं आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केल्यावर बसली. टेकआउटमध्ये २ जीबीचे तुकडे मागितले असते तर ही वेळ आली नसती.

झिप उघडली आणि चॅनलवरचे सगळेच व्हिडिओ दिसले, पानावर न लावलेलेही. त्यात १९ क्रमांकाच्या आजी पूर्ण आहेत. नाक्यावरच्या माणसाने पाटीतली गवरी उचलली तर खालचं धडुतं, म्हणजे जुनं फडकं दिसलं. आजींनी सांगितलं, "माझ्या लेकराचं हाय, धुयाला चालवलंय," आणि तो पुढे गेला. ३४ क्रमांकाची पूर्ण क्लिप मात्र इथेही नाही.

२६ ऑगस्ट

न चालणाऱ्या दोन. क्रमांक ८ आणि ५१. दोन्हींच्या पत्त्याला ४०४ येतं, फाइल सर्व्हरवर नाहीच. जुनी वेबपानं जतन करणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पानाचा पत्ता टाकला. पान जुन्या तारखांना जतन झालेलं आहे, पण क्लिपेच्या जागी इथेही काळा चौकोन. मग पानाचा न टाकता थेट फाइलचा पत्ता टाकला, आणि ८ क्रमांक मिळाला. तो सरळ एमपी४ होता. ५१ तुकड्यांची होती, तिची यादी तेवढी जतन झाली आहे आणि तुकडे नाहीत. तुकड्यांच्या क्लिपा वेबॅकवर सहसा अशाच रिकाम्या सापडतात, त्या भरवशावर राहू नये.

२८ ऑगस्ट

मजकूर. पानावरची अर्धी माहिती कॉपी करून एक्सेलमध्ये टाकली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो. ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. पानावर तो फॉन्ट आहे म्हणून मराठी दिसतं, पान गेल्यावर चिवडाच उरेल. रूपांतर करणारे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार यांत चुका राहतात. गावांच्या नावांत चूक परवडणार नाही. नावं आणि गावं हाताने टाइप केली, बाकी मजकूर कन्व्हर्टरमधून काढून पीडीएफशी ताडून पाहिला.

एक्सेलमध्ये दोन रकाने वाढवले: 'बोलणाऱ्याने सांगितलेलं नाव' आणि 'आजचं नाव'. कारण सांगते. या माणसांच्या तोंडी अंबाजोगाई नाही, मोमिनाबाद आहे. ते 'आमचा उस्मानाबाद जिल्हा' म्हणतात तेव्हा त्यात आजच्या लातूर जिल्ह्यातली गावंही येतात, कारण लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. आणि २०२३ पासून उस्मानाबादचं धाराशिव झालं. उद्या कुणी पोरगा 'धाराशिव' शोधेल तर एकही क्लिप सापडणार नाही, कारण पानावर तो शब्दच नाही. बोलणाऱ्याचा शब्द बदलायचा नाही, शेजारी दुसरा लिहायचा.

टाइप करायला बसलेल्या मुलींनी एका ठिकाणी 'हाली' च्या जागी 'हल्ली' केलं होतं. आजोबा निजामाच्या हाली शिक्क्याच्या रुपयाबद्दल बोलत होते. दंड हालीत सांगितला होता आणि फौजदाराने कलदार, म्हणजे हालीपेक्षा महाग असलेले इंग्रजी रुपये मागितले, अशी ती गोष्ट आहे. 'हल्ली' केलं की गोष्टच जाते. म्हणून टाइप केलेलं सगळं क्लिप ऐकत ऐकत तपासायचं, आणि तपासताना शेजारी साठीच्या पुढचं कुणीतरी असावं.

३० ऑगस्ट

प्रती. एक वाचनालयाच्या डेस्कटॉपवर, एक नव्या हार्ड डिस्कवर (१ टीबी, साडेचार हजार रुपये, यातला निम्मा खर्च सरांनी दिला), एक सरांच्या घरी. सगळ्या क्लिपा मिळून दहा जीबीसुद्धा भरत नाहीत, इतकी मोठी डिस्क खरं तर नको होती. मोठ्या डिस्कपेक्षा तोच पैसा दोन चांगल्या पेन ड्राइव्हांवर घालून त्या दोन गावांत ठेवल्या असत्या तरी भागलं असतं.

कॉपी नीट झाली का ते विंडोजमधल्या सर्टयूटिल या कमांडने पाहिलं. ती प्रत्येक फाइलचा एक लांबलचक अंक-अक्षरांचा ठसा काढून देते. मूळ आणि प्रत यांचे ठसे जुळले म्हणजे फाइल तीच. ठसे एक्सेलमध्ये लिहून ठेवले. पुढच्या वर्षी पुन्हा काढून ताडायचे.

डेटाचे जादा पॅक, कळंबच्या खेपा, पेन ड्राइव्ह आणि निम्मी डिस्क मिळून वाचनालयाचे तीन हजारांच्या वर गेले.

२ सप्टेंबर

पान उघडत नाही. सर्व्हर सापडत नाही म्हणतो.

९ सप्टेंबर

शाळेच्या टीव्हीवर चाचणी. हे १६ तारखेला केलं असतं तर सगळं फसलं असतं. काही क्लिपांचा आवाज येतो, चित्र नाही. त्या एका विद्यार्थ्याच्या नव्या फोनवर घेतलेल्या, एचईव्हीसी या व्हिडिओ दाबण्याच्या नव्या प्रकारच्या आहेत आणि जुना टीव्ही तो प्रकार वाचत नाही. काही क्लिपांत माणसं आडवी झोपलेली दिसतात. फोन उभा धरून घेतलेल्या क्लिपेत 'मला फिरवून दाखवा' अशी एक खूण असते, कॉम्प्युटर ती पाळतो, या टीव्हीने पाळली नाही.

उपाय: टीव्हीसाठी वेगळी प्रत. एफएफएमपेगने सगळ्या क्लिपा एच-२६४ चित्र आणि एएसी आवाज अशा, म्हणजे जुन्या टीव्हीलाही वाचता येतील अशा प्रकारात केल्या. तसं करताना तो चित्र आपोआप सरळही करून देतो. जुन्या डेस्कटॉपला एक पूर्ण रात्र लागली. मूळ फाइलींना हात लावायचा नाही, टीव्हीचं फोल्डर वेगळं.

शाळेच्या ग्रुपवर एका सरांनी दोन क्लिपा टाकल्या. व्हॉट्सॅप व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून टाकतं. कुणाला फाइल द्यायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तशी ती जशीच्या तशी जाते. पण सगळ्याच क्लिपा ग्रुपवर टाकू नयेत असं वाचनालयाच्या बैठकीत ठरवलं. काही आठवणींत गावातल्या घराण्यांची नावं आहेत, कुणाच्या वाड्यात रझाकार उतरले, कुणी धान्य पुरवलं. ऐंशी वर्षांपूर्वीची ती नावं आज त्याच गल्लीत राहतात. अशा क्लिपा वाचनालयात येऊन, नोंदवहीत सही करून पाहता येतील. मला हा निर्णय योग्य वाटतो आणि त्यावर मी ठाम आहे.

१८ सप्टेंबर

काल सकाळी झेंडावंदनानंतर शाळेच्या हॉलमध्ये २० क्लिपा दाखवल्या. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरच्या बाजूने भारतीय फौज नळदुर्गकडे सरकली, त्या दिवसाबद्दल बोलणाऱ्या तीन क्लिपा लागोपाठ लावल्या होत्या. तिघेही तीन गावांचे, आणि तिघेही आधी आवाजाबद्दलच बोलतात. एकाला तो ढगांचा वाटला, एकाला गिरणीचा. वेगवेगळ्या पाहताना हे लक्षात आलं नव्हतं. यापुढे एक्सेलमध्ये 'विषय' असाही रकाना हवा.

कार्यक्रमानंतर ४७ क्रमांकाच्या आजोबांचे नातू भेटले. म्हणाले, "ताई, गाव चुकलंय. ह्याच नावाचं दुसरं गाव भूम तालुक्यात आहे, आजोबा तिकडले." जुनी नोंद तशीच ठेवली, खाली नवी नोंद घातली, सांगणाऱ्याचं नातं आणि तारीख लिहिली. त्यांच्या फोनमध्ये व्हॉट्सॅपवर आलेल्या जुन्या क्लिपाही होत्या. त्यात ५१ क्रमांक मिळाला. चित्र अगदी बारीक आणि फुटलेलं, आवाज स्वच्छ. 'मूळ नाही, व्हॉट्सॅप प्रत' असा शेरा मारून फोल्डरमध्ये घेतला.

आता बाकी राहिली ३४ ची उरलेली दीड मिनिटं. ती ज्या फोनवर रेकॉर्ड झाली तो विद्यार्थी पुण्याला असतो. त्याच्या घरी जुनं मेमरी कार्ड डब्यात असल्याचं त्याची आई म्हणाली. दिवाळीला तो आला की कार्ड रीडर घेऊन जायचं आहे. कार्डावर त्याआधी कुणी काही लिहू नये, फोनमध्ये घालून पाहूही नये, एवढं त्यांना सांगून आले.